पाच वॉट

"अजून थोडा डावीकडे," तो म्हणाला. बायकोने हातातला अँटेना गच्चीच्या कठड्यावरून डावीकडे वळवला आणि न दिसणाऱ्या उपग्रहामागे हळूहळू वर नेला. त्याने बटण दाबलं.

"पाच वॉट, हातातला अँटेना," त्याने ऐटीत सांगितलं.

पलीकडून लगेच कौतुक आलं. हौशी रेडिओवाल्यांमध्ये त्याचं नावच मुळी पाचवॉटराव पडलं होतं. पिशवीच्या तळाशी, टॉवेलखाली, तीस वॉटचा ॲम्प्लिफायर गरम होत होता.

उपग्रह काही मिनिटांतच मावळायचा, आणि तेवढ्यात एका वेळी एकाचाच आवाज खाली पाठवायचा. ज्याचा जोर जास्त, त्याचा. म्हणून सगळेच कमी शक्तीवर, एकमेकांना वाट देत बोलायचे. याने मात्र अडीअडचणीसाठी म्हणून घेतलेला ॲम्प्लिफायर एकदा जोडला तो जोडला.

तो वायरी गुंडाळत होता तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या गावाहून ताई होती. निवृत्त झाल्यावर तिने याचंच पाहून परवाना काढला होता, पोलादी मोजपट्टी कापून तिच्या पात्यांचा अँटेना स्वतः बनवला होता. रेडिओवरचं पहिलं बोलणं भावाशीच, हा तिचा हट्ट. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"आजही नाही रे जमलं. मी आपली हाका मारतेय, आणि कुणीतरी दांडगट अख्खा उपग्रह अडवून बसलाय. तुझा आवाज तेवढा खणखणीत. पाच वॉटवर कसं रे जमतं तुला?"

"सवयीनं," तो म्हणाला.

"मला नाही बाबा जमायचं. उद्या शेवटचं बघते, नाहीतर सेट देऊन टाकते कुणाला तरी."

ताईने फोन ठेवला. बायकोने पिशवी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"पाच वॉटांचं ओझं बरंच आहे हो," ती म्हणाली.

त्याचे कान तापले. आपणच पिशवी उचलावी, तर हातही पुढे होईना. शरमेने तो कठड्याकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने ॲम्प्लिफायर काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला, अगदी तिच्यासमोर. गच्चीवर हलकी पिशवी घेऊन तोच चढला, मागून अँटेना घेऊन बायको.

कुणीच त्याला दाद देईना. हाका मारून मारून घसा सुकला. मग गर्दी जरा ओसरली आणि ताईचा आवाज आला. त्याने घाईघाईने उत्तर दिलं.

"अरे, ऐकू आलास! आलास की रे!" ताई जवळजवळ ओरडलीच. "पण आवाज किती बारीक येतोय. बरं नाही का तुला?"

"बरा आहे मी, ताई."

"मग वॉट किती?"

"पाच."

"रोजचेच ना?"

बाकीचे सगळे गप्प राहून बहीणभावाचं ऐकत होते. बायकोने अँटेना पार क्षितिजापर्यंत खाली आणला होता. उपग्रह टेकायलाच आला होता, त्याने उत्तर थोडं लांबवलं असतं तरी निभावलं असतं.

त्याने बटण दाबलं.

"नाही ताई. आज पहिल्यांदाच."

नंतर नुसती खरखर. तिच्यापर्यंत पोचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. तो बटण सोडून उभा राहिला. मग खिशातला फोन वाजू लागला.

बायकोने अँटेना खाली ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "ताईच असतील."