निर्वात टाकीतली हाक

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो, पण पाण्याची नव्हे. माझ्यात काहीच नसावं, म्हणून मला घडवलं. जाड पोलादाचं पोट, एक गोल दार आणि पंजाएवढी काचेची खिडकी. पंपाने माझ्यातली हवा उपसली की आत अंतराळासारखी पोकळी व्हायची. वर जाणाऱ्या वस्तू आधी माझ्यात राहून बघायच्या. पाहुणे कौतुकाने माझी पाठ थोपटायचे आणि मी रिकाम्या पोटी फुगायचे!

पंप चालवणारीला सगळे ताई म्हणत. तिचा थोरला भाऊ अंतराळवीरांचे पोशाख घालून माझ्यात उभा राही, पोशाख कुठे गळतो का ते बघायला.

"दार लावते रे, दादा."

"लाव. आणि माझा चहा पिऊन टाकू नकोस!"

एका दुपारी, माझ्यातली हवा जवळजवळ संपली असताना, त्याच्या पोशाखाची नळी निसटली. आवाज झाला नाही. आवाजाला चालायला हवा लागते आणि ती माझ्यात नव्हती. पोशाख रिकाम्या पोत्यासारखा ढिला पडला. दादाने खिडकीकडे पाहिलं, त्याचे ओठ हलले आणि तो कोसळला.

त्याच्या शेजारी एका दुर्बिणीचा आरसा ठेवला होता. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी कित्येक वर्षं खपून घासलेला.

"हवा हळू सोड, आरसा फुटेल!" साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"फुटू दे!" ताईने झडप पुरती उघडली.

वारा घोंघावत आत शिरला. आरसा तडकला. सगळ्यांत आधी दाराला भिडले ते साहेबच. दादाला बाहेर ओढलं, तेव्हा त्याचा श्वास चालू होता.

तो सावरल्यावर ताईने भीत भीत विचारलं, "काय होतं रे तिथे?"

"अंधार नव्हता गं. अंधार निदान असतो तरी. तिथे काहीच नव्हतं. जिभेवरची थुंकी उकळल्यासारखी वाटली, बस्स. मी तुला हाक मारली होती."

"मला ऐकूच आली नाही."

"मलाही नाही आली."

त्यानंतर दादा माझ्यात कधी उतरला नाही. घरीही तो उगाचच शेजारच्या खोलीतून हाक मारी आणि कोणी ओ दिली की गप्प होई. ताई मात्र दार लावण्याआधी आत डोकं घालून क्षणभर कानोसा घ्यायची.

आता मी आवारात गंजत पडले आहे. मित्रांनो, माझ्याहून कितीतरी अफाट पोकळी तुमच्या डोक्यावर आहे. मध्ये आहे तो हवेचा सायीएवढा पातळ थर. त्याला जपा. आणि कोणी हाक मारली, तर हातातलं काम टाकून ओ द्या.

दादा वारल्यानंतर ताई एकदा इथे आली होती. केस पांढरे, हातात काठी. माझ्या उघड्या दारातून ती आत वाकली.

"ओ, दादा," ती म्हणाली.

माझ्या पोटात तो आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला.