लॉन्ड्रीच्या आवारात जावई

खुर्च्या

आमच्या व्यापारी चेंबरच्या बैठकीत दोन खुर्च्या कायम उलट्या असतात. एक आत, खिडकीकडे तोंड करून. ती व्हर्ना आत्याची, ती अध्यक्ष. दुसरी बाहेर व्हरांड्यात, भिंतीला टेकवलेली. ती लायलदादाची, तो तिचा जावई.

आम्हा मूळनिवासींत जावयानं सासूकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिचं नाव तोंडात घ्यायचं नाही. सासूनंही तेच पाळायचं. एक आला की दुसऱ्यानं उठून जायचं. पण कार्यकारिणीवर दोघंही निवडून आले. आत्याची खाणीच्या कॅम्पची लॉन्ड्री, लायलदादाचे ग्रेडर आणि डंपर. आमच्या माणसांचे या भागातले सगळ्यांत मोठे दोन धंदे हेच, त्यांना वगळून चेंबर कसलं. म्हणून मधे मी. कोराली, चेंबरची सचिव. आत्याच्या भावाची मुलगी, आणि आमच्यात मुलांचं कूळ आईबापांहून वेगळं असतं म्हणून कुळानं लायलची बहीण. मी दोघांशी बोलू शकते. माझा अर्धा पगार या निरोप पोचवण्याचाच आहे.

खाण कंपनीचा फेंटन पहिल्यांदा बैठकीला आला तेव्हा दबक्या आवाजात म्हणाला, "यांचं भांडण आहे का?"

"उलट," डेझमंडकाका म्हणाले. ते आमचे उपाध्यक्ष, गाड्या भाड्यानं देतात. "एवढा मान तू तुझ्या सासूला दिला असतास तर बायको टिकली असती तुझी."

फेंटन हसला. बायकोचं काकांना कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही.


काय निघालं, काय पोचलं

मंगळवारची बैठक. समुद्रात चक्रीवादळ फिरत होतं आणि ते कुठं वळेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

लायल (व्हरांड्यातून): धरणाच्या भिंतीखाली गवत हिरवं झालंय.

मी (आत): दादा म्हणतो, धरणाच्या भिंतीखाली गवत हिरवं झालंय.

आत्या (खिडकीला): हिरवं गवत बघून डोळ्यांना बरं वाटत असेल.

मी (बाहेर): बरं वाटत असेल, म्हणते.

लायल: यंदा पाऊस झालेला नाही.

मी: यंदा पाऊस झालेला नाही.

आत्या: ते मलाही माहीत आहे म्हणावं.

हे धरण पाण्याचं नव्हे. खनिज धुऊन उरलेला लाल गाळ कंपनी डोंगराच्या कुशीत साठवते, मातीची भिंत घालून. लायलदादाचा ग्रेडर त्या भिंतीलगतचा रस्ता सपाट करतो. भिंतीच्या खाली, कोरड्या नदीच्या वळणावर आत्याची लॉन्ड्री आहे. जागा कंपनीनं दिली, फुकट. मधे काहीही नाही, फक्त उतार.

लायलदादा साध्या आवाजात बोलत होता, कारण जावयानं सासूला काही सांगायचं तर आडून सांगायचं असतं. हुकूम करायचा नाही, घाई करायची नाही, 'उठा' म्हणायचं नाही. गवत हिरवं झालंय, याच्या पुढं त्याला जाता येत नव्हतं. मी पुढं जाऊ शकले असते, पण मग तो निरोप त्याचा राहिला नसता, आणि आत्यानं ते लगेच ओळखलं असतं.

मी वाट बघितली. व्हरांड्यातून उशिरानं आवाज आला.

लायल: लॉन्ड्री वरच्या टेकाडावर असती तर वारा चांगला लागला असता. कपडे लवकर वाळले असते.

मी ते आत सांगितलं. डेझमंडकाकांनी टेबलावर बोटं वाजवली.

"टेकाड सपाट कोण करणार?" ते म्हणाले. "ग्रेडर कुणाचे? नियम काय आहे, व्हर्ना? तूच केलास. ज्याचा धंदा विषयात अडकलाय त्यानं त्या विषयापुरतं बाहेर जायचं."

"तो बाहेरच आहे," मी म्हणाले.

"मग आणखी बाहेर."

लायलदादानं ते ऐकलं. खुर्ची उचलली आणि फाटकापाशी झाडाखाली जाऊन बसला. तिथून आवाज येत नाही.


फोनवर फेंटन

"झिरपणं अपेक्षितच असतं. भिंत मोजलेली आहे. इंजिनिअर रोज बघतात. वादळामुळे किनाऱ्यावरची सगळी माणसं तुमच्या कॅम्पवर आणतोय आम्ही, चादरी दुप्पट लागतील. या आठवड्यात लॉन्ड्री बंद राहिली तर वरचे लोक काय म्हणतील ते तुम्हीच ओळखा."

ओळखलं. यांना काम द्या, वाऱ्याची झुळूक आली की सुट्टी मारतात. हे वाक्य आत्यानं उभ्या आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की कुणी तोंड उघडायच्या आधी तिला ते ऐकू येतं. लॉन्ड्री हे आमच्या बायकांना मिळालेलं पहिलं मोठं काम. ते टिकलं तरच मागचे बाकीचे सभासद खाणीच्या कामांत शिरणार.

काम चालू राहील, असं ठरलं.

सगळे गेल्यावर आत्या खिडकीकडेच तोंड करून बसून होती.

"त्याचा आवाज कसा होता?"

"हळू."

"तो हळूच बोलतो." मग म्हणाली, "बेडूक ओरडतात लॉन्ड्रीपाशी. बायका सांगत होत्या. ऐन कोरड्यात बेडूक."

"मग?"

"मग काय. इंजिनिअरकडे यंत्र आहे. माझ्याकडे बेडूक आहेत. फेंटनला सांगू का, बेडकांनी सांगितलं म्हणून?"


अंगण

गुरुवारी सकाळी मी लॉन्ड्रीत होते. आभाळ पितळेच्या भांड्यासारखं झालं होतं, वारा पडलेला. आतली वाळवण्याची यंत्रं पुरेनात म्हणून अंगणातल्या दोऱ्यांवर चादरी टाकल्या होत्या, आणि त्या हलत नव्हत्या. वादळ आत वळलं होतं. डोंगरापलीकडे पाऊस लागल्याचं रेडिओ सांगत होता. बायका नेहमीसारख्या थट्टा करत होत्या, पण नळ बंद केला की प्रत्येकीचे हात थांबायचे. बेडकांचा आवाज फरशीखालून आल्यासारखा वाटत होता.

आणि त्या आवाजावर दुसरा एक आवाज. खडखड, एकसारखी, रस्त्यावरून खाली येणारी.

"ग्रेडर आहे," कुणीतरी म्हणालं.

"इकडे कशाला येईल ग्रेडर?"

तो फाटकातून आत आला. पिवळा, उंच, चिखलानं माखलेला. चादरींच्या दोन रांगांच्या मधोमध येऊन थांबला. वर लायलदादा, टोपी नाकापर्यंत ओढलेली, नजर स्वतःच्या गुडघ्यांवर.

मग सगळं एकदम झालं.

आत्यानं कामाला लावलेल्या बायका बहुतेक तिच्याच कुळातल्या. आणि आत्याच्या कुळातली प्रत्येक बाई लायलची सासू. म्हातारी असो नाहीतर काल शाळा सुटलेली पोर असो. बायकांनी हातात येईल ती चादर डोक्यावर ओढली. टोपल्या उलटल्या. एकीनं दार समजून कपाट उघडलं. "जावई, जावई," म्हणत त्या मागच्या दारातून बाहेर पडल्या, आधी हसत, मग चिडून, आणि टेकाडाच्या वाटेला लागल्या. ज्या दोघीतिघी दुसऱ्या कुळाच्या होत्या त्या एकट्या मागे राहून काय करणार, त्याही गेल्या.

आत्या शेवटी निघाली. चादरीआडून मला म्हणाली, "त्याला विचार, लाज कुठं ठेवून आलास."

मी: दादा, लाज कुठं ठेवून आलास, विचारते.

लायल: सांग, ग्रेडर बंद पडलाय.

इंजिन चालू होतं. धुराड्याचं झाकण थडथडत होतं.

मी: आत्या, ग्रेडर बंद पडलाय म्हणतो.

आत्या: कधी दुरुस्त होईल?

लायल: वादळ गेल्यावर.

आत्यानं चादर नीट केली आणि चालू लागली. चार पावलांवर थांबली, मागे न बघता. "त्याच्याजवळ एक वॉकीटॉकी ठेव, एक तू घे," म्हणाली. "आणि डब्यात भाकरी आहे, ती दे. माझी आहे म्हणू नको."


फेंटनला समजावण्याचा प्रयत्न

"यंत्रं का थांबली?"

"बायका टेकाडावर आहेत."

"का?"

"आवारात जावई आलाय."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"कोराली, ही चेष्टेची वेळ नाही..."


टेकाडावर

बायका रांगेत बसल्या, खोऱ्याकडे पाठ करून. खाली बघणं म्हणजे त्याला बघणं. एकटी मी उलटी बसले, वॉकीटॉकी मांडीवर घेऊन.

"काय करतोय?" आत्या.

"भाकरी खातोय."

"त्याला निघून जायला सांग. आम्ही काही वेळ इथंच बसू."

सांगितलं.

लायल: मी निघालो की त्या खाली येतील.

मी तसंच सांगितलं. कुणी नाकारलं नाही. चादरी पडल्या होत्या, संध्याकाळी फेंटनची गाडी येणार होती. तो गेला असता तर बायका खरंच खाली गेल्या असत्या, आत्या सगळ्यांच्या पुढं. हे त्याला माहीत होतं म्हणून तो बसला होता. आणि भिंतीखाली तो बसलाय हे आता आत्याला माहीत होतं.

पाऊस आला. मोठे, गरम थेंब, लांब लांब पडणारे. तांबड्या धुळीला वास सुटला. आत्याच्या पाठीवर चादर चिकटली.

"कोराली. बेडूक ऐकू येतात?"

मी कान दिला. पाऊस होता. इंजिन होतं.

"नाही."

"कधीपासून?"

"आत्ताच थांबले असतील."

तिनं हात मागे केला. मी त्यात फोन दिला. ती डेझमंडकाकांशी बोलली, अध्यक्षाच्या आवाजात. "ठराव घे. लॉन्ड्री बंद. आजपासून. चेंबरचा एकही सभासद त्या भिंतीखाली माणूस ठेवणार नाही. तुझ्या गाड्यासुद्धा. कंपनीला मी कळवते."

काकांचा आवाज मला ऐकू येत होता. "व्हर्ना, हे काम गेलं की परत येणार नाही. पोरांना काय सांगशील?"

"मत सांग, डेझमंड."

"आणि जावयाचं मत?"

"तो मत देऊन बसलाय."

काका म्हणाले, "लिही माझं हो."

तिनं फोन मागे दिला. "आता त्याला सांग. लॉन्ड्री बंद. कुणी खाली येणार नाही. ऊठ म्हणावं."

मी वॉकीटॉकीत सांगितलं, तिच्याच शब्दांत. आडून नाही. ती सासू, तिला हुकूम करता येतो.

लायल: खरंच म्हणाली?

मी: खरंच म्हणालीस का, विचारतो.

आत्या: आजवर त्याला खोटा निरोप गेलाय का?

ग्रेडर गरजला. पुढं सरकला, मागे आला, पुन्हा सरकला. उंच चाकांभोवती अंगण चकाकत होतं. एवढा पाऊस झाला नव्हता. ते पाणी खालून येत होतं, आणि लाल होतं.

लायल: रुतला. या वेळी खरंच. चालत येतो.


मागे

वाट एकच. तो खालून चढू लागला आणि वर आम्ही त्याच वाटेवर.

"उठा," आत्या म्हणाली. "जावई येतोय."

बायका उठल्या आणि वर चालू लागल्या. तो जवळ येत होता म्हणून त्यांना लांब जायचं होतं. तो चढेल तितक्या त्या चढत होत्या, कडेला काटेरी गवत, डोक्यावर ओल्या चादरी. तो मान खाली घालून. त्या नजर समोर ठेवून. टेकाडाचा माथा आला तरी थांबल्या नाहीत, पलीकडच्या कड्याला लागल्या. कुणी घाई करत नव्हतं. घाई हा अपमान झाला असता.

मग तो आवाज आला. आधी पायांना, नंतर कानांना. कुणीतरी खूप मोठं, खूप जुनं दार ढकलतंय असा.

एकीही वळली नाही. लायलदादाही वळला नाही. त्याची नजर स्वतःच्या पायांवर होती आणि पाय आता भराभर पडत होते. मागे बघायची मुभा फक्त मला होती. मी बघितलं.

"कोराली," आत्या पुढून म्हणाली. तिची चाल तीच होती. "काय आहे मागे?"

खालच्या बाजूला पांढऱ्या चादरी दिसत होत्या, मग लाल गाळाखाली दिसेनाशा झाल्या. पिवळा ग्रेडर थोडा वेळ दिसला. वाटेचा खालचा भाग आता नव्हता, आणि जो होता त्यावर दादा होता.

इतकी वर्षं मी जे ऐकलं ते जसंच्या तसं पोचवलं. हा निरोप माझा होता.

"दादा येतोय," मी म्हणाले. "तू चालत राहा, आत्या. जरा भराभर. तो अगदी जवळ आलाय."