तरवडाच्या शेजारी

मी एक जुना पवन्या गवताचा ठोंब आहे. थेरगावच्या सोपानरावांच्या कोरड्या माळावर माझी मुळे आहेत. गवताला हेवा वाटत नाही, असे शास्त्र सांगेल. मित्रांनो, त्या शास्त्राच्या शेजारी तरवड उगवलेला नसावा.

तरवड म्हणजे पिवळ्या फुलांचे झुडूप. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नसत. मला मात्र खात, तुडवीत. वर ‘चारा उत्तम आहे’ ही शाबासकी. खाल्ले जाण्याची ती स्तुती मला कधीच गोड लागली नाही. तरवडाच्या बिया माझ्या दाटीत पडत, रुजतही. पण वरच्या थरातले पाणी मी आधी पिऊन टाकी आणि त्याची रोपे उन्हाळ्यात वाळून जात. माझे सुख तेवढेच.

१९५५ च्या चैत्रात, नवे कोंब फुटावेत म्हणून, सोपानरावांनी रिवाजाप्रमाणे माळ पेटवला. तरवड काळा पडलेला पाहून मला विलक्षण समाधान वाटले. ते अपुऱ्या निरीक्षणावर आधारलेले होते. माझ्यासारखाच तोही जमिनीखाली जिवंत होता. शिवाय आचेने त्याच्या कठीण बियांची टरफले तडकली होती.

पावसाने दोघांनाही फुटवे आले. त्याच सुमारास पिंपरीकडचे गायरान एका कारखान्याच्या कुंपणात गेले आणि भावकीची सगळी गुरे आमच्या माळाकडे वळली.

“अवो, पाऊसभर माळ राखा,” सोपानरावांच्या पत्नी अंबूबाई म्हणाल्या. “कवळं गवात खाल्लं तर निस्ता तरवड माजंल.”

“आन् गुरांनी काय माझ्या मिशा खायच्या?”

“खातील बी. पर त्यावर ढवळी गाय दूध द्यायची न्हाई.”

सोपानराव हसले आणि त्यांनी गुरे सोडली. अंबूबाईंनी माझ्याभोवतीच्या तुकड्याला तेवढी काट्यांची कुपाटी घातली. बाहेर माझ्या भावंडांचे कोंब पुनःपुन्हा खाल्ले गेले, मुळे दुबळी झाली आणि उघड्या भुईवर तरवडाची रोपे निर्धास्त उभी राहिली. पुढल्या वर्षी आश्विनात माळ पिवळाधमक झाला. “काय शोभा हाय!” येणारेजाणारे म्हणत. आगीतही माझी इतकी तगमग झाली नव्हती.

फाल्गुनात चारा संपला. सोपानरावांनी ढवळीचे दावे सोडले.

“कुटं न्हेताय तिला?”

“चाकनच्या बाजाराला. उपाशी मारू व्हय?”

अंबूबाईंनी गाईपुढे माझी वाळलेली पेंढी टाकली. मागे आणखी गंज रचलेली होती.

“हे कुटलं गं?”

“जितं तुमची भावकी शिरली न्हाई, तितलं.”

सोपानरावांनी दावे पुन्हा खुंट्याला बांधले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच काटे घेऊन कुपाटी वाढवायला आले.

मित्रांनो, जळालेल्या माळावर लगेच गुरे सोडू नका. गवताला निदान एक पावसाळा द्या. तेवढे करा; तरवडाचे काय करायचे, ते मी बघून घेईन.