जोडी सुटेपर्यंत

सभागृहाच्या छापील नियमावलीत ‘जोडी’ हा शब्द शोधूनही सापडणार नाही. अध्यक्षांनी केव्हा उभे राहावे, सभागृह नेत्याने कोणत्या बाकावर बसावे, विरोधी पक्षनेत्याला किती मिनिटे बोलू द्यावे, हे सारे तीत आहे. परंतु ज्या एका रिवाजावाचून ते सभागृह एक आठवडाही चालले नसते, तो मात्र तीत नाही. कारण तो केवळ शब्दावर चाले. एका बाजूचा सदस्य आजारपणामुळे मतदानाला येऊ शकत नसला, तर दुसऱ्या बाजूचा एक सदस्य आपण होऊन बाहेर राही. दोन्हीकडचे एकेक मत वजा होऊन फरक होता तितकाच उरे. अशा दोघांना जोडी म्हणत. जोड्या लावण्याचे काम दोन्ही पक्षांच्या मुख्य प्रतोदांचे, म्हणजे आपापल्या सदस्यांना मतदानासाठी हाकून आणणाऱ्या पुढाऱ्यांचे असे.

सत्ताधारी पक्षाच्या मुख्य प्रतोदांना सदस्य पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. ते नाव त्यांना ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते. वाक्यात फट राहिली की तिच्यातून माणूस निसटतो, असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो अनुभवातून आलेला होता. मागल्या अधिवेशनात विरोधकांनी एका आजारी सदस्याला ऐन मतदानाच्या वेळी चाकाच्या खुर्चीतून आत आणले होते, आणि त्याच्या जोडीतला सत्ताधारी सदस्य तिकडे घरी शब्द पाळीत बसला होता. म्हणून या खेपेस विरोधी बाकांवरचे एक वृद्ध सदस्य रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा फूटपट्टींनी जोडीची अट स्वतःच्या हाताने लिहून काढली: ‘एक आत तर दुसरा आत, एक बाहेर तर दुसरा बाहेर. दोघेही एकत्र दोन्ही प्रतोदांसमोर उपस्थित होतील आणि प्रतोद तसे उच्चारतील, तेव्हाच जोडी सुटेल, एरवी नाही.’

या वृद्ध सदस्यांनी राजकारणात येण्यापूर्वी एकोणतीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली होती. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या जोडीला फूटपट्टींनी आपल्याच धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला दिले. हे दातांचे डॉक्टर, पक्षातले सर्वांत विनोदी सदस्य. भाषणे ऐकण्यातून सुटका होते आहे म्हटल्यावर ते खूशच झाले होते.

मास्तरांनी खाटेवर उठून बसून तो कागद दोनदा वाचला.

“याला शेवट लिहिला नाहीत तुम्ही,” ते म्हणाले. “रेषाखंडाला दोन टोकं असतात. हा नुसता किरण झाला. निघाला तो निघालाच.”

“अधिवेशन संपलं की संपेल, मास्तर. त्यात काय लिहायचं?”

“असल्या उत्तराला मी मुलांना शून्य द्यायचो.” त्यांनी सही केली. “पण शब्द दिला म्हणजे दिला. डॉक्टरांना सांगा, मी जाईन तिथं त्यांना यावं लागेल. तसा मी फारसा कुठं जात नाही म्हणा.”

अकराव्या दिवशी मास्तर वारले.

त्याच आठवड्यात सत्ताधारी बाकांवरचे दोघे उठून समोरच्या बाकांवर जाऊन बसले, आणि पंतप्रधानांना विश्वासाचा ठराव मांडणे भाग पडले. फूटपट्टींनी हिशेब केला. डॉक्टरांना धरून आपले एकशे अठ्ठेचाळीस. मास्तर गेल्यावर विरोधकांचे एकशे सत्तेचाळीस. डॉक्टर बाहेर राहिले तर बरोबरी. आणि बरोबरी झाल्यास अध्यक्षांनी विरुद्ध मत द्यायचे, कारण जिथे बहुमत नाही तिथे ते खुर्चीने निर्माण करू नये, हा तर जोडीहूनही जुना रिवाज. तात्पर्य, सरकार डॉक्टरांच्या एका मतावर उभे होते.

विरोधी पक्षाच्या मुख्य प्रतोद पूर्वी वकिली करीत. त्यांना नुसते बाई म्हणत. फूटपट्टी त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा तो कागद त्यांनी आधीच मेजावर काढून ठेवला होता.

“या, प्रतोदसाहेब. तुमचंच अक्षर वाचत होते. छान वळणदार आहे.”

“बाई, मेलेल्या माणसाशी करार उरत नाही. हे तुम्हाला मी सांगायला हवं?”

“नको. मी तीस वर्षं हेच कोर्टात सांगत आले.”

“मग प्रश्नच मिटला. मास्तर मतदान करू शकत नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी बाहेर राहण्याला कारण नाही.”

“कारण नाही, हे खरं. पण तुम्ही कारण लिहिलंच नाहीत इथं. आजारी असेपर्यंत, असं लिहिलं नाहीत. हयात असेपर्यंत, असंही नाही.” त्यांनी ‘एरवी नाही’ या शब्दांवर बोट ठेवले. “मी कुठं तक्रार करणार नाही. वर्तमानपत्रांत बोलणार नाही. फक्त एवढंच म्हणते, डॉक्टरांना आणू नका.”

“का?”

“ते मला नीटसं सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना सांगता आले नाही असे त्या खोलीत आजवर घडले नव्हते.

फूटपट्टी वाद जिंकून परतले. खोलीत शिरतात तोच बहिणीचा फोन आला.

“दादा, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. हात बर्फासारखे गार पडतात. ताट वाढलं की थांबून राहतात, म्हणतात, त्यांचं होऊ दे. कुणाचं विचारलं तर हसतात.”

“दमला असेल. चार दिवस झोप म्हणावं.”

“काल दुपारी विचारलं, कुठं निघालात, तर म्हणाले, बाहेर. आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले, दोन तास, भर उन्हात. गाडी यायची असल्यासारखे. दादा, एरवी हा माणूस दोन मिनिटं गप्प बसतो का?”

फूटपट्टींनी तिला धीर दिला. मात्र ‘एक बाहेर तर दुसरा बाहेर’ हे आपणच लिहिलेले शब्द त्या दिवशी त्यांच्या मनातून हलले नाहीत. मास्तर बाहेर होते. त्यांच्याइतके बाहेर कोणी असू शकत नाही. त्यांनी स्वतःलाच सुनावले की हा तर्क नव्हे, आणि डॉक्टरांना निरोप धाडला: उद्या साडेअकराला यावे.

डॉक्टर वेळेवर आले. सभागृहाच्या दाराशी जो द्वारपाल बसे, तो सदस्यांखेरीज कोणासाठीही उठत नसे. मंत्र्यांच्या सचिवांनाही तो बसल्या बसल्या वाट दाखवी. डॉक्टरांना पाहून तो उठला, त्याने वाकून नमस्कार केला; आणि खाली बसण्याऐवजी क्षणभराने पुन्हा एकदा वाकला. डॉक्टर दार धरून उभे होते. ते थोडा अधिक वेळ धरून राहिले, मग आत गेले.

“दुसरा नमस्कार कोणाला?” फूटपट्टींनी विचारले.

द्वारपालाने आपल्या जोडलेल्या हातांकडे पाहिले. “सवयीनं झाला असेल, साहेब.”

मतदानाची घंटा वाजली. सदस्य होकाराच्या आणि नकाराच्या दोन दारांतून एकेक करून बाहेरच्या दालनांत जाऊ लागले. दोन्ही दारांत दोन्ही पक्षांचा एकेक माणूस उभा राहून मोठ्याने आकडा मोजी, आणि लेखनिक छापील यादीतल्या नावांवर खुणा करी. यादी सकाळीच नव्याने छापली होती. मास्तरांचे नाव तीतून वगळले होते.

होकार एकशे अठ्ठेचाळीस. नावे एकशे अठ्ठेचाळीस.

नकार एकशे अठ्ठेचाळीस. नावे एकशे सत्तेचाळीस.

अध्यक्षांनी पुन्हा मोजायला सांगितले. सदस्य कुरकुरत उठले, पुन्हा चालले. एकशे अठ्ठेचाळीस, आणि नावे एकशे सत्तेचाळीस. मागल्या बाकांवरून कोणीतरी म्हणाले की विरोधकांतला एखादा जेवून जाड झाला असेल, आणि हशा पिकला. पण तो जितका व्हायला हवा होता तितका मोठा झाला नाही.

अध्यक्षांनी दोन्ही प्रतोदांना आपल्या खुर्चीपाशी बोलावले. “आकडा आणि नावं जुळत नसली की प्रतोदांचं एकमत घ्यायचं, अशी पद्धत आहे,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “मोजणी चुकली, असं दोघं म्हणत असाल तर मी नावं धरतो. मोजणी बरोबर, असं म्हणत असाल तर बरोबरी आहे, आणि बरोबरीत माझं मत कुणीकडे ते तुम्हाला माहीत आहे. दहा मिनिटं देतो.”

दोघे दालनात आले. उंच खिडक्यांतून दुपारचे लख्ख ऊन पडले होते. बाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

“मी नकाराच्या दारात होते,” त्या म्हणाल्या. “शेवटून तिसरा आकडा माझ्या माणसानं आणि तुमच्या माणसानं एकदमच उच्चारला. दोन्ही खेपांना. समोरून कुणी गेलं नव्हतं. त्या दोघांनाही खटकलं नाही. मलाही नाही. मी चक्क बाजूला सरून वाट दिली.”

“बाई, म्हणजे मोजणी चुकली. स्पष्ट आहे.”

“तुम्ही तसं म्हणा, मीही म्हणेन. मास्तर आले होते असं माझ्या तोंडानं सांगून सरकार पाडायला मला लाज वाटते. तुमचं सरकार वाचेल. निर्णय तुमचा.”

आयुष्यात प्रथमच कोणी वाद घालायला समोर उरले नव्हते. फूटपट्टी आत गेले, आणि डॉक्टर बसले होते त्या शेवटच्या बाकापाशी थांबले. डॉक्टर अगदी कडेला, अर्ध्या जागेवर, अंग चोरून बसले होते. उरलेल्या अर्ध्या जागेवरची चामड्याची गादी दबलेली होती.

“डॉक्टर, तब्येत कशी आहे?”

“दादा, ते विचारतायत, आले त्याची नोंद झाली का?”

“कोण विचारतंय?”

वर्गात उशिरा आलेल्याला उत्तर सांगू नकोस म्हणून शिक्षकाने दटावलेल्या मुलासारखे डॉक्टर ओठ मिटून बसले.

“आणि नोंद झाली नाही तर?” फूटपट्टींनी विचारले. आपला आवाज इतका सौम्य होऊ शकतो हे त्यांना ठाऊक नव्हते.

“मग आम्ही निघतो, म्हणाले.”

“आम्ही?”

“आम्ही,” डॉक्टर म्हणाले, आणि उठण्यासाठी त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. त्यांचे हात निळसर पडले होते.

फूटपट्टींनी त्यांना खांदा धरून खाली बसवले. खांदा हलका लागला. जणू आतले वजन आधीच कोणीतरी उचलून दाराकडे नेले होते. मग बुद्धीने त्यांना नेहमीसारखा युक्तिवाद पुरवला. हा माणूस आजारी आहे; त्याला रुग्णालयात न्यावे; अध्यक्षांना ‘मोजणी चुकली’ असे तीन सेकंदांत सांगावे. युक्तिवाद निर्दोष होता. त्यात फट नव्हती. आणि बहिणीला आज संध्याकाळी कोणत्या शब्दांत फोन करायचा, हे त्या निर्दोष युक्तिवादात कुठेच नव्हते.

“बाई,” त्यांनी हाक मारली, “जरा इकडे या.”

बाई आल्या. दोघे बाकासमोर शेजारी शेजारी उभे राहिले. आसपासचे सदस्य गप्पा मारीत होते. कोणाचे लक्ष नव्हते.

“जोडीतले दोन्ही सदस्य,” फूटपट्टी म्हणाले, “दोन्ही प्रतोदांसमोर उपस्थित आहेत. माझ्या बाजूनं जोडी सुटली.”

बाईंनी पदर सावरला, त्या रिकाम्या अर्ध्या जागेकडे पाहिले, आणि न्यायालयात म्हणावे तसे म्हणाल्या, “उपस्थिती मान्य. माझ्याही बाजूनं सुटली.”

दबलेली गादी सावकाश वर आली. चामडे कुरकुरले, तेवढाच आवाज. डॉक्टरांनी बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा श्वास घेतला, आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

“दादा, भूक लागलीय,” ते म्हणाले. “सडकून.”

मास्तर उपस्थित आहेत असे उच्चारून जोडी सोडवल्यावर, ते मोजणीत नव्हते असे आता म्हणता येत नव्हते. फूटपट्टी अध्यक्षांकडे गेले. वाटेत पंतप्रधान मागे वळून त्यांच्याकडे निर्धास्तपणे हसले. त्या हास्यासमोरून चालत जाणे हे त्या दिवसातले सर्वांत लांब अंतर होते.

“मोजणी बरोबर आहे,” ते अध्यक्षांना म्हणाले.

“तुमच्या बाजूनं?” अध्यक्षांनी चष्मा काढला. “म्हणजे काय होतं ते कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय. दोन्ही प्रतोदांचं एकमत आहे.”

अध्यक्ष उभे राहिले. बरोबरी जाहीर झाली, खुर्चीचे मत विरुद्ध पडले, आणि चार वर्षांचे सरकार अडीच वाक्यांत संपले. समोरच्या बाकांवर जल्लोष उसळला. बाई त्यात सामील झाल्या नाहीत. पंतप्रधान फूटपट्टींपाशी येऊन थांबले.

“का?” त्यांनी एवढेच विचारले.

“सदस्य उपस्थित होते,” फूटपट्टी म्हणाले. यापेक्षा अचूक वाक्य त्यांना सुचले नाही, आणि याहून लंगडे वाक्य त्यांनी कधी उच्चारले नव्हते. पंतप्रधान निघून गेले; त्यांच्यामागून एकेक करून सारा पक्ष फूटपट्टींना वळसा घालून गेला.

सभागृह रिकामे झाले, तेव्हा कार्यवाही लिहिणारा प्रतिवेदक वही घेऊन आला. नीटनेटका, कान तीक्ष्ण असलेला, मध्यम वयाचा गृहस्थ.

“साहेब, नकाराचे एकशे सत्तेचाळीस लिहून झाले. एक नाव कमी पडतंय. अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला विचारावं.”

फूटपट्टींनी मास्तरांचे संपूर्ण नाव सांगितले, मतदारसंघ सांगितला. प्रतिवेदकाची लेखणी अर्ध्यावर थांबली. त्याने मान वर केली.

“साहेब, पुढे शेरा लागतो. काय लिहू?”

“इतरांच्या पुढे काय लिहिलंत?”

“उपस्थित.”

“मग तेच लिहा,” फूटपट्टी म्हणाले, “आणि वही द्या इकडे. खाली सही करतो.”