बादलीवरचा बहाणा

सीडर फोर्क तळ्यावर कुणाचं गळाच्या नंबरावरून अडलं की लोक म्हणतात, व्हर्लिनला विचार. तो व्हर्लिन मी. तळ्याच्या धक्क्यावर माझं गळ-काठ्यांचं दुकान आहे. पाणी किती निवळ, रबरी गांडूळ केवढं, तंगुसाचा दोरा किती बारीक, एवढं सांगा, मी नंबर सांगतो. चुकलो तर मिशी उतरवीन, असं मी भर दुकानात सांगायचो. मिशी अजून आहे, आणि आरशात बघितलं की तिचीच लाज वाटते.

डेलमर माझा जोडीदार. सव्वीस वर्षं आम्ही एकाच होडीतून बास मासा धरतोय. आमच्या मंडळाची शरदातली स्पर्धा जोडीजोडीनं असते. पाच मासे जिवंत आणायचे, वजनाच्या काट्यावर घालायचे आणि परत पाण्यात सोडायचे. जिंकलेल्यांची नावं नॅडीनच्या खानावळीत देवदाराच्या फळीवर तापल्या सळईनं कोरतात. आम्ही तीनदा दुसरे आलो, आणि दुसऱ्याचं नाव कुणी कोरत नाही. डेलमर कधी बोलायचा नाही, पण जेवताना त्या फळीकडे तोंड करून बसायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले. यंदा डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं की पुढच्या शरदात काठी धरवणार नाही. म्हणजे हीच स्पर्धा शेवटची. फेकणं, ओढणं त्याला अजून जमत होतं, गाठ मारणं जमत नव्हतं. त्याचे गळ मी बांधायचो.

आणि मला गळाचं नेढं दिसेनासं झालं होतं. मोठ्या गळाचं दिसायचं. दोन नंबरच्या गळाचं नेढं म्हणजे मोहरीएवढं, ते पार धूसर. वर्षभर मी ही झाकली मूठ झाकलेलीच ठेवली. घरी खिडकीपाशी बसून, दहादा थुंकी लावून ओवायचो. चष्म्याच्या दुकानावरून वीसदा गेलो असेन, आत एकदाही गेलो नाही. गळ सांगणारा माणूस गळ बघायला चष्मा लावतो, असं कुणी म्हणायला नको होतं मला.

स्पर्धेच्या सकाळी पाणी असं निवळ होतं की दोन पुरुष खोल तळातले गोटे मोजून घ्या. अशा पाण्यात मासा संशयी होतो. बारीक तंगूस, मऊ काठी, बोटाएवढं गांडूळ आणि दोन नंबरचा गळ, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी दोन नंबरचा काढला. एकदा ओवायला गेलो, दोनदा, सहादा. होडी डुलत होती. बाकीच्या होड्या निघून गेल्या होत्या आणि डेलमर काठी मांडीवर घेऊन शांत बसला होता. त्याची नजर घारीसारखी आहे. ‘नेढं दाखव रे’ एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. जन्मभर चिडवलं असतं त्यानं, ते वेगळं.

मी तो गळ डबीत टाकला आणि तीन-शून्यचा काढला. दुप्पट मोठा आणि तारेनं जाड. तो लगेच ओवला गेला.

“एवढा मोठा?” डेलमर म्हणाला. “या पाण्यात?”

“यंदा मासा जड आहे,” मी म्हणालो. “दोन नंबरचा सरळ होऊन हातात येईल. तू माझ्यावर सोड.”

“तू म्हणतोस तर तसं,” तो म्हणाला. त्यानं पुन्हा विचारलंसुद्धा नाही. माझ्या काठीलाही मी तोच बांधला, म्हणजे शंका नको.

आता ऐका काय होतं ते. जाड गळ माशाच्या जबड्यात रुतवायचा तर काठी ताठ हवी, तंगूस जाड हवा आणि हिसका दणकून हवा. आमच्या हातातल्या मऊ काठीनं तो नुसता टेकतो, रुतत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे मीच लोकांना शिकवतो.

दुपारपर्यंत आमच्या होडीतल्या पाण्याच्या टाकीत चार किरकोळ मासे होते. मग कड्याखाली पडलेल्या झाडापाशी डेलमरला मोठा लागला. काठी वाकली, मासा वर आला, तोंड उघडून एकदा मान हलवली आणि गेला. अर्ध्या तासानं दुसरा, तोही तसाच गेला. तिसरा तर होडीला टेकला होता, मी जाळी पुढे केली आणि सुटला. तिन्ही वेळा डेलमरनं गळाकडे पाहिलं नाही. आपल्या हातांकडे पाहिलं.

“ढिला पडलो मी,” तो म्हणाला.

आणि मी काय म्हणालो? होतं असं, म्हणालो.

आम्ही चौथे आलो. त्या तिन्हींतला एक मासा आला असता तरी पहिले होतो.

स्पर्धा संपली की नॅडीनकडे हरलेल्यांनी पालथ्या बादलीवर उभं राहून बहाणा सांगायचा, ही आमची रीत. थाप जेवढी मोठी तेवढ्या टाळ्या, आणि सगळ्यात भारी थापेला नॅडीनच्या भेंडीच्या लोणच्याची बरणी. मी आधी चढलो. म्हणालो, माशांनी पाण्याखाली माझा फोटो लावून ठेवलाय, खाली लिहिलंय, याच्या हातचं खाऊ नका. लोक खो-खो हसले.

मग डेलमर चढला. त्याचा तोल जाऊ नये म्हणून मी कोपर धरलं होतं.

“माझ्याकडे बहाणा नाही,” तो म्हणाला. “व्हर्लिननं गळ बरोबर बांधला होता. तीन मासे लागले, तिन्ही या हातांनी घालवले. सव्वीस वर्षं या माणसानं वाट बघितली आणि माझ्यापायी त्याचं नाव चढलं नाही. माफ कर, गड्या.”

कुणी हसलं नाही. त्याचं कोपर माझ्या हातात थरथरत होतं आणि मी मूग गिळून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं, नाही बोललो. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मेलो नाही, तसाच उभा राहिलो. बरणी मला मिळाली.

तीन आठवड्यांनी तो दुकानात आला, सगळ्या काठ्या घेऊन. त्याची बायको लव्हॉन बाहेर गाडीत बसून होती. ज्याचे हात धड आहेत अशा कुणाला तरी देऊन टाक, म्हणाला. त्यानं काठ्या माझ्या टेबलावर अलगद ठेवल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघालं.

“डेलमर, गळ चुकीचा होता. मला दोन नंबरचं नेढं दिसत नाही. वर्ष झालं. म्हणून मोठा बांधला.”



“तीन आठवडे मी चारचौघांत चमचा उचललेला नाही,” तो म्हणाला. “नॅडीनकडे जाणं सोडलं. घरी लव्हॉन भरवते. एवढा राग आला होता मला या हातांचा.”

मी टेबलावरच्या काठ्या उगाच सरळ करत राहिलो.

“तुला दिसत नव्हतं, तर माझे डोळे होते ना तिथं,” तो म्हणाला. “मागायचे होतेस.”

त्यानं काठ्या परत उचलल्या आणि गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी चष्मा आणला. शनिवारी भर जेवणाच्या वेळी बरणी घेऊन नॅडीनकडे गेलो, बादली पालथी घातली आणि चष्मा लावून वर चढलो. सगळं सांगितलं: नेढं, तीन-शून्यचा गळ, माझी थाप, त्याचे तीन मासे. बरणी खाली ठेवली. टाळ्या वाजल्या नाहीत. मागून कुणीतरी हलकी शिवी घातली, ती मला पोचली.

डेलमर कोपऱ्यात लव्हॉनबरोबर बसला होता, या वेळी फळीकडे पाठ करून. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पुढ्यात घेवड्याच्या तिखट कालवणाचा वाडगा होता. चमचा हलत होता, थोडं टेबलावर सांडत होतं, पण तो सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं जेवत होता. मी उतरलो, बादली जागेवर ठेवली आणि त्याच्या टेबलाजवळून न जाता मागच्या दारानं बाहेर पडलो.