इन्साफबाईंचा नवा कॉम्प्युटर

इजिप्तमधल्या दमनहूरच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कुणालाही लोक ‘इंजिनियरसाहेब’ म्हणतात, मग तो शिकलेला असो वा नसो. हिल्मी शिकलेला नव्हता, पण ती हाक ऐकली की त्याची छाती दोन बोटं फुगायची.

इन्साफबाईंचा नवा कॉम्प्युटर त्यानेच मांडून दिला होता. बाई परदेशातल्या मुलींना इंटरनेटवरून कुराणपठण शिकवायच्या. कोरा कॉम्प्युटर म्हणजे आंधळा, मुका आणि बहिरा. कॅमेऱ्याचा, आवाजाचा, इंटरनेटचा असा प्रत्येकाचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, टाकावा तेव्हा तो माणसात येतो. हे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून एकेक शोधून टाकायचे असतात. पण त्या दिवशी मॅच होती. हिल्मीने बाजारात हातोहात फिरणारा ड्रायव्हरांचा फुकटचा गठ्ठा पेनड्राइव्हवरून चढवला. त्यात खाली बारीक अक्षरांत नको ते प्रोग्रामही टिकमार्क करून ठेवलेले असतात. ते काढायचे असतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबलं आणि चहा न घेताच पळाला.

पुढच्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. भर तासाला, मुली बघत असताना, पडद्याच्या कोपऱ्यात उघड्यावाघड्या बायकांच्या जाहिराती आल्या होत्या. हिल्मी गिऱ्हाइकाशी बोलत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला.

“बाई, कॉम्प्युटर आपणहून असलं काही दाखवत नाही. घरात कुणीतरी बघितलं असणार.”

बाजारातले सगळे हेच सांगतात. गिऱ्हाईक गप्प होतं आणि पुन्हा फोन करत नाही. बाईही गप्प झाल्या, पण आठ दिवसांनी त्यांनी त्याला कॉम्प्युटरच्या साफसफाईला बोलावलं.

दार त्यांनीच उघडलं. नवरा, मुतवल्लीकाका, बाल्कनीतल्या बाकावर पाठ ताठ करून बसला होता. शेजारी उशी आणि घोंगडी. मुलगा ईहाब स्वयंपाकघरात चहा ठेवत होता.

“कोण ते कळलंय,” बाई हलकेच म्हणाल्या. “कबूल केलंय ह्यांनी. ह्या वयात. दोन मुलींच्या आयांनी शिकवणी सोडवली, इंजिनियरसाहेब. तुम्ही ते पुसून टाका, बाकी काही बोलू नका.”

हिल्मीने कॉम्प्युटर उघडला. तो घाणेरडा प्रोग्राम सापडायला वेळ लागला नाही. तो चढवल्याची तारीख त्याच्याच पहिल्या भेटीची होती. त्याच्या कानशिलांना चटका बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि चोर इथे खुर्चीवर बसून साहेब म्हणवून घेत होता. त्याने प्रोग्राम काढला, बॅग उचलली. एवढं करून निसटता येईल असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याला किळस आली.

मुतवल्लीकाका त्याला सोडायला जिन्यापर्यंत आले.

“गेलं ना रे सगळं? कुणी बघितलं ते त्यात दिसतं का?”

“नाही, काका.”

“बरं झालं.” म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. “तुला म्हणून सांगतो, मी नव्हतो. मला तो माऊस धड धरता येत नाही. पण ईहाबचा साखरपुडा आहे, मुलीकडचे कडक आहेत. पोराचं वय असतं. माझं काय, चार दिवस बाल्कनीत झोपेन.”

हिल्मीला जिना दिसेना. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच. तो वळला आणि म्हाताऱ्याला ओलांडून पुन्हा घरात शिरला.

“बाई, कुणी काही बघितलेलं नाही. ते मी घातलं. मॅचच्या घाईत फुकटचे ड्रायव्हर टाकले, त्यांच्याबरोबर ते आलं. फोनवर मी खोटं बोललो. शिकवणी सोडलेल्यांना फोन लावा, त्यांनाही हेच सांगतो.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नवऱ्याकडे वळल्या.

“मग तुम्ही कबूल कशाला केलंत?”

मागून आत आलेल्या मुतवल्लीकाकांची नजर ईहाबकडे गेली. तो चहाचं तबक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने पहिला पेला रिवाजाप्रमाणे पाहुण्यापुढे ठेवला, दुसरा आईपुढे.

“म्हणजे तुम्हाला मी वाटलो,” तो वडिलांना म्हणाला. “आठ दिवस मी तुमच्याशी बोललो नाही, बाबा, कारण मला तुम्ही वाटलात. निदान मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्हीही मला विचारायचं होतं.”

आठवडाभर खोटा आळ ताठ मानेने मिरवणाऱ्या त्या म्हाताऱ्याची मान आता खाली गेली. ईहाबचीही गेली. हिल्मीपुढचा चहा निवत होता आणि त्याला तो पेला उचलायचा धीर होत नव्हता.