प्राध्यापक तनुजाचा दगडी भाऊ

मी एक जुना वरवंटा आहे, मित्रांनो, आणि माझी धाकटी बहीण कॅनडात अर्थशास्त्राची प्राध्यापक आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

इस्लापूरच्या नागप्पा पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं. पुढं यशोदाबाईंच्या घरी त्यांच्या लेकीचं, तनुजाचं बारसं निघालं. आपल्याकडं बारशाला वरवंट्याला झबलं-टोपडं घालून बाळाच्या आधी पाळण्यात घालतात. मलाही घातलं, तीट लावली, झोका दिला. मग तनुजा आली. त्या हिशोबानं मी थोरला. बाकीचे लोक हे दुपारपर्यंत विसरले. मी नाही.

यशोदाबाईही विसरल्या नव्हत्या. तनुजा नांदेडला शिकली आणि पुढं कॅनडाला निघाली, तेव्हा सामानाचं वजन जास्त भरलं. आईनं तिची जाडजूड पुस्तकं बाहेर काढली आणि मला लुगड्यात गुंडाळून आत ठेवलं.

"आई, पुस्तकं लागतील की गं."

"पुस्तकं तिथं बी मिळतेत. भाऊ मिळतो का?"

तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं मला वर काढून विचारलं, हे काय आहे. झोपाळलेली तनुजा म्हणाली, "भाऊ." त्यानं मला पाहिलं, तिला पाहिलं आणि बॅग बंद केली.

तिथं मिक्सर होता. मला दाराशी ठेवलं. वारा आला की दार अडवायचं, एवढीच माझी नोकरी. तनुजाचीही नोकरी कच्चीच होती. घरात बायका बिनपगारी दळतात, वाटतात, ते देशाच्या उत्पन्नात का धरत नाहीत, हा तिचा विषय. एका व्याख्यानावर ठरणार होतं, नोकरी पक्की करायची की तिला परत पाठवायचं. विभागप्रमुखांचं मत होतं, स्वयंपाकघर म्हणजे अर्थशास्त्र नव्हे.

तिनं आईला फोन लावला. "आई, हे लोक ऐकूनच घेईना गेलेत."

"मग ऐकवू नको. वाटाय लाव."

व्याख्यानाला तिनं मला नेलं. सोबत एक सपाट फरशी, भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल मिरची. "सर, मी बोलते तोवर एवढी चटणी वाटून द्या," ती विभागप्रमुखांना म्हणाली.

उंचपुरे सर गुडघ्यावर बसले. आधी मला एका हातानं धरलं, मग दोन्ही हातांनी. मग कोट काढला. मग टाय. तनुजा आकडे सांगत होती, सर घाम पुसत होते. मिरचीच्याच हातानं पुसल्यामुळं रडतही होते. श्रोत्यांना वाटलं, विषय फारच हृदयस्पर्शी आहे. मागच्या रांगेतल्या दोघांनी रुमाल काढले.

"हे रोज करतात?" सरांनी विचारलं.

"हो सर. आणि झाल्यावर मीठ कमी आहे म्हणून ऐकूनही घेतात."

सरांनी चाखून पाहिलं. मीठ कमीच होतं. पण तसं म्हणायची त्या सभागृहात कुणाची छाती झाली नाही.

तनुजाची नोकरी पक्की झाली. निर्णयावर सहीशेजारी सरांच्या बोटाचा लाल ठसा उमटला, तो माझ्यामुळं. बाहेर पडताना ते जिन्यातच बायकोला फोन लावत होते. जेवायला काय आहे, असं नाही. येऊन काय करू, असं विचारत होते. पलीकडून विचारणा झाली, कोण बोलतंय?

मित्रांनो, आमची निगा सोपी आहे. वापरून झालं की धुवा, उन्हात ठेवा, खडबडीतपणा गेला की पाथरवटाकडून टाकी लावून घ्या. आणि पाट्यावर रोज एकच माणूस बसत असेल, तर त्याला उठवा आणि स्वतः बसा. दादा बसो, नाहीतर साहेब. मी कुणाच्याही हाताखाली काम करायला तयार आहे.